तान्हबानं ध्यानात ठेवलं

एका बाजारगावात एक भोळा गडी होता. नाव तान्हबा. भोळा म्हणजे किती भोळा? आईनं लहानपणी सांगितलं होतं, जेवताना बोलू नये. एकदा जेवताना शेजारच्या कडब्याच्या गंजीला आग लागलेली दिसली. यानं भाकरी संपवली, ताक प्यायलं, हात धुतला, तोंड पुसलं आणि मग सांगितलं, "गंजी पेटलीया." तोवर गंजीची राख झाली होती. पण जेवताना बोलला नाही, हे कबूल करायला हवं.

हा तान्हबा कोंडूशेट वाण्याच्या दुकानात कामाला होता. कोंडूशेट म्हणजे लोभाचं गाठोडं. गुळाच्या ढेपेवर बसलेली माशी उडवायची, तर आधी तिचे पाय पुसून घेईल असा. त्याला एकच लेक, सगुणा. पोरीची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं तिच्या बाजूनं बोलणारं घरात कोणी नव्हतं. सगुणाचं मन होतं सुदामावर. सुदाम मारुतीच्या देवळासमोर भट्टी लावून फुटाणे भाजायचा. आपल्यातलाच, गुणाचा, पण गरीब. घरात तो आणि त्याची म्हातारी आजी, एवढीच माणसं.

आणि कोंडूशेटनं लेकीसाठी कोण पाहिला होता? वरच्या पेठेतला माणिकशेट! दोन बायका होऊन गेलेल्या, उरल्यासुरल्या केसांना कलप, तोंडात दात मोजकेच. सासराच जावयापेक्षा धाकटा. पण माणिकशेटची हळदीची मोठी वखार होती आणि त्यानं कबूल केलं होतं, लग्न लागलं की वखारीची किल्ली सासऱ्याच्या हातात.

"आबा, मी सुदामाशीच लग्न करीन," सगुणा म्हणाली.

"फुटाण्यांनी वखार भरते का?" कोंडूशेट म्हणाला, आणि बोलणं संपलं.

मग त्यानं तान्हबाला हाक मारली. "तान्हबा, तो सुदाम दारात घुटमळतो. आजपासून दारात कोणी आलं की ओरडून सांगायचं, 'पोरगी द्यायची नाही, चालते व्हा!' कोण, कुठला, विचारत बसू नकोस."

"व्हय शेट. ध्यानात ठेवतो."

आणि तान्हबानं ध्यानात ठेवलं. सगळा घोटाळा तिथंच झाला. विसरला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी माणिकशेटची बहीण मुलगी बघायला आली. अंगावर शालू, हातात नारळ. दारात पाऊल टाकलं न टाकलं तोच तान्हबा छाती काढून ओरडला, "पोरगी द्यायची नाही, चालते व्हा!" बाईच्या हातातला नारळ पडला तो गटारात.

कोंडूशेट धावत आला. हातापाया पडून बाईला आत नेलं. परत येऊन तान्हबाचा कान धरला. "अरे, तुझं डोकं आहे की रिकामं पोतं? दारात आलेल्याला 'या, बसा' म्हणावं. पाणी द्यावं. गूळ पुढं करावा. 'लाजू नका, पोटभर खा' म्हणावं!"

"चुकलं शेट. आता ध्यानात ठेवतो."

दुपारी शेट आत जरा आडवा झाला. आणि दुकानात शिरला गावचा वळू. देवाला सोडलेला, हत्तीएवढा. तान्हबा उठून उभा राहिला. "या, बसा," म्हणाला. वळू बसला नाही. यानं बादलीभर पाणी ठेवलं, गुळाची ढेप पुढं केली. "लाजू नका, पोटभर खा." वळू काही लाजणारा नव्हता. गूळ झाला, हरभऱ्याच्या पोत्यात तोंड गेलं, मग पेंडीत. शेट डोळे चोळत बाहेर आला तेव्हा तान्हबा पाहुण्याला ताडाच्या पंख्यानं वारा घालत होता.

"अरे रिकाम्या पोत्या!" शेटनं कपाळावर हात मारला. "मालात तोंड घातलं की दांडकं घ्यायचं आणि पाठीत घालायचं! दया नाही, माया नाही!"

"चुकलं शेट. आता ध्यानात ठेवतो."

चार दिवसांनी खुद्द माणिकशेट सुपारी फोडायला आला. जातीचा व्यापारी तो. दुकानात आला की हात गप्प कसा राहील? शेंगदाण्याच्या पोत्यात हात घातला, मूठ भरली, तोंडात टाकली. झालं! मालात तोंड घातलं, तान्हबाची पुरती खात्री झाली. दांडकं उचललं आणि दाणकन पाठीत घातलं. शेंगदाणे एकीकडं, पगडी एकीकडं, माणिकशेट तिसरीकडं. दया नाही, माया नाही.

आतल्या दाराआड सगुणा पदर तोंडात कोंबून हसली. तिला वाटलं, सुटले बाई मी, मोडलं लग्न! पण कुठलं मोडायला? माणिकशेटला बायको हवी होती आणि कोंडूशेटला वखार. दोघंही चिवट. शेटनं इतक्या क्षमा मागितल्या की म्हाताराच कंटाळला आणि लग्नाची तारीख धरून गेला. सगुणा मग चुलीपाशी जाऊन बसली आणि रात्री जेवली नाही.

"त्याच्या पाठीला चोळायला घरचं तूप पाठवतो," शेट म्हणाला. "तान्हबा, हे मडकं घे आणि पळत जा. जाताना कुठं थांबू नकोस."

तान्हबा पळत गेला. एवढा पळाला की वरच्या पेठेपर्यंत वाटेवर तुपाची रेघ उठली. माणिकशेटच्या हातात रिकामं मडकं ठेवून तो तसाच पळत परत आला, कारण थांबू नकोस म्हणून सांगितलं होतं.

"अरे देवा! भारी माल असा नेतात? तोंड फडक्यानं घट्ट बांधायचं, भोवती पेंढा भरायचा, गाडीत आडवं घालायचं आणि गाडीवानाला सांगायचं, सावकाश हाक! ध्यानात ठेव!"

"ठेवलं शेट."

लग्नाचा आदला दिवस आला. जेवणाला वांग्याची भाजी. तान्हबा बाजारातून पाटीभर वांगी घेऊन आला, तर सगळी जून, सुरकुतलेली, बियांनी भरलेली. शेटचा आवाज चढला. "तुला कोणीही काहीही गळ्यात मारतं! डोळे उघडून घेत जा. अंगठ्यानं दाबून बघ, खड्डा पडला की जून. देठ बघ, वाळलेला असला की जून. जून निघाला की तिथल्या तिथं परत करायचा आणि कोवळा माल बदलून आणायचा. दमडी जास्त द्यायची नाही! उलट वर काहीतरी फुकट मागून घ्यायचं. कोथिंबीर घे, मिरच्या घे, काहीही घे, पण रिकाम्या हातानं यायचं नाही!"

तान्हबा गेला, वांगी बदलून आणली, वर कोथिंबिरीची जुडी आणली. वांगी तुकतुकीत, देठ हिरवेगार.

"शाबास, तान्हबा!" शेट म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला शाबास म्हटलं होतं. तान्हबाला रात्रभर झोप आली नाही. छाती भरून आली होती त्याची. मनाशी म्हणाला, आता शेटचा हा धडा मरेपर्यंत सोडायचा नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. माणिकशेट बैलगाडीतून आला. तिसऱ्या लग्नाला वऱ्हाड कशाला, उगीच खर्च, म्हणून एकटाच. सोबत फक्त गाडीवान. बहीणसुद्धा आली नाही, ती नारळाचं विसरली नव्हती. रीतीप्रमाणं नवरदेव मारुतीच्या देवळात जाऊन बसला. कपाळाला बाशिंग, अंगावर शेला.

"तान्हबा," शेट म्हणाला, "घोडा घे आणि देवळातून नवरदेव घेऊन ये. मुहूर्त टळला तर तुझी खैर नाही. आणि नीट डोळे उघडून आण."

"व्हय शेट!"

तान्हबा देवळात गेला. नवरदेवासमोर उभा राहिला. डोळे उघडले. अंगठ्यानं गाल दाबून पाहिला. खड्डा पडला तो वर येईना. फेटा उचलून देठ पाहिला. देठाचा पत्ताच नव्हता, टाळू चकचकत होती.

"जून हाय," तान्हबा म्हणाला. "परत."

"अरे गाढवा, मी नवरा..." माणिकशेट पुढं बोलणार, तेवढ्यात तान्हबानं बाशिंग आणि शेला काढून घेतला आणि उपरण्यानं त्याचं तोंड हातांसकट घट्ट बांधलं. खांद्यावर टाकला, गाडीत आडवा घातला, भोवती पेंढा भरला.

"हे काय रं?" गाडीवान म्हणाला.

"माल परत. शेटचं सांगणं हाय. सावकाश हाक."

गाडीवानाला सकाळपासून कोणी चहा विचारला नव्हता. पेंढ्यातून हूं हूं आवाज आला, पण मालकाचा आवाज एवढा बारीक त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं बैल वळवले आणि गाडी वरच्या पेठेकडं लागली.

आता कोवळा माल. देवळासमोरच सुदाम भट्टीपाशी बसला होता. डोळे लाल झाले होते. धूर लागला म्हणत होता, पण भट्टी पेटवलेलीच नव्हती. शेजारी आजी हरभरे पाखडत होती. तान्हबानं जाऊन सुदामाचा गाल दाबला. खड्डा पडला नाही. डोक्यावरचे केस काळेभोर.

"ह्यो चालंल," तान्हबा म्हणाला.

"काय करतोस, तान्हबा?"

"गप. वांगी बोलत न्हाईत. घोड्यावर बस. शेटनी नवरदेव आणायला सांगितलंय."

"मला?"

"नीट बघून आण म्हणाले. बघितलं."

सुदामानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेवढा शहाणा होता तो. बाशिंग बांधलं, शेला डोक्यावरून घेतला, बाशिंगाची फुलं तोंडावर सोडली आणि घोड्यावर चढला.

मांडवात ही घाई! भटजी मुहूर्त चुकेल म्हणून ओरडत होते. आणि कोंडूशेट कुठं होता? कोठीच्या दारात. कोणी दुसरा लाडू उचलत नाही ना, ते बघत होता. नवरदेवाकडं बघायला त्याला सवड कुठली! अंतरपाट धरला. पलीकडं सगुणा मान खाली घालून उभी. डोळ्यांतलं पाणी टपटप पायांवर पडत होतं बिचारीच्या. मंगलाष्टकं सुरू झाली. तिची नजर अंतरपाटाखालून पलीकडच्या पायांवर गेली. पावलांवर भट्टीच्या तापलेल्या वाळूचे बारीक डाग! ते डाग तिला पाठ होते. सगुणाचा हुंदका अर्ध्यावर थांबला. "शुभमंगल सावधान!" झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, आणि तिनं हार असा घातला, जणू कोणी ओढून घेईल.

वाजंत्री ऐकून कोंडूशेट लाडू सोडून धावला. हात पुढं केला. "जावईबापू, किल्ली?"

जावयानं तोंडावरची फुलं बाजूला केली. "किल्ली नाही, सासरेबुवा. आशीर्वाद द्या."

शेटचं तोंड उघडं पडलं. "हा... हा कोण? माणिकशेट कुठं आहे? भटजी, मोडा हे!"

"सप्तपदी राहिलीय, पण पोरगी हात सोडत नाही," भटजी म्हणाले. "आणि अख्ख्या गावानं अक्षता टाकल्यात. आता मोडलं तर तुमच्या दुकानात कोणी मीठ घ्यायला यायचं नाही."

दुकानाचं नाव निघालं तसा शेट मटकन खाली बसला. मांडवात हशा पिकला. सगुणा हसत होती आणि रडतही होती.

"तान्हबा!" शेट ओरडला. "तू काय केलंस?"

तान्हबा पुढं आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तो शाबासकीची वाट बघत होता.

"जून निघाला, शेट. तिथल्या तिथं परत केला. तोंड बांधून, पेंढा घालून. कोवळा बदलून आणला. दमडी जास्त दिली न्हाई."

शेटनं डोळे मिटले.

"आन् वर फुकट घ्यायचंबी इसरलो न्हाई." तान्हबानं दुकानाकडं बोट दाखवलं. शेटच्या गादीवर, शेटच्या लोडाला टेकून, सुदामाची आजी पाय पसरून बसली होती. बाजूला तिचं गाठोडं, पानाचा डबा आणि अंथरूण. तिनं हात वर करून हाक मारली, "कोंडू, बाळा, पाय चेपायला कोणी आहे का रे या घरात?"

"ही कोण?" शेट किंचाळला.

"त्यांच्याकडं कोथिंबीर नव्हती, शेट," तान्हबा म्हणाला. "मग आजी घेतली."