आपल्याच गावची घंटा

जपानच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे धुके समुद्रातून भिंतीसारखे चालत येते, आराइसो नावाचे मच्छीमारांचे एक लहानसे गाव होते. बंदराच्या तोंडाशीच काळ्या खडकांची रांग होती. टेकडीवर मंदिर होते आणि मंदिरात काशाची भलीमोठी घंटा टांगलेली होती. धुके उतरले की घरोघरची माणसे पाळीपाळीने टेकडी चढत आणि शेवटची होडी बंदराला लागेपर्यंत लाकडी ओंडक्याने ती घंटा ठोकीत राहत. त्या नादाच्या रोखाने होड्या खडक चुकवून घरी येत. जो आपली पाळी चुकवी, त्याच्याशी गाव वर्षभर बोलत नसे.

याच गावात वाढलेले इसामु मिनेगिशी पुढे आरमारात गेले आणि पराक्रमाच्या बळावर दर्यासारंग झाले. युद्ध पेटले तेव्हा त्यांना गणवेश उतरवायला लावून मंत्रिमंडळात घेतले गेले. मिनेगिशींचा लौकिक मोठा होता. त्यांच्यापुढे लाच चालत नसे, वशिला चालत नसे. नातलगांना तर दारातही थारा नसे. या लौकिकाला ते फार जपत. इतके जपत, की पुढे त्याचेच चाकर होऊन बसले.

युद्धाला धातू अपुरा पडू लागला. तोफांसाठी देशभरच्या मंदिरांतील घंटा वितळवायचे ठरले आणि ते काम मिनेगिशींकडे आले. हुकमात एकच अपवाद होता: जिच्यावाचून माणसांच्या जिवाला धोका असेल, ती घंटा मंत्र्यांनी राहू द्यावी. हा अपवाद मिनेगिशींनी स्वतःच सुचवला होता.

एके दिवशी आराइसोचा गावप्रमुख गेन्पाची त्यांना भेटायला राजधानीत आला. दोघेही लहानपणी एकाच होडीत वल्ही मारायला शिकले होते. गेन्पाचीने आधी रीतसर कमरेत वाकून नमस्कार केला. पण मग त्याला राहवले नाही.

"मंत्रिसाहेब, गणवेश नसला की तू अगदी सुकवलेल्या बांगड्यासारखा दिसतोस!"

मिनेगिशी खळखळून हसले. "काम सांग, म्हाताऱ्या."

"आपली घंटा राहू दे. तरणी पोरं सगळी लढाईवर गेली. होड्या आता आम्हीच नेतो. डोळे अधू झालेत, पण कान अजून शाबूत आहेत."

मागणी रास्त होती. मिनेगिशींनी शिक्क्याकडे हात नेला. तोच शेजारी बसलेले दुसरे मंत्री फुकुहारा गोड आवाजात म्हणाले, "वा! पहिला अपवाद मंत्र्यांच्याच गावाला! चालायचंच, दर्यासारंग. शेवटी गाव ते गाव."

मिनेगिशींचे कान तापले. 'तो किनारा मी जाणतो' एवढे एक वाक्य पुरेसे होते. परंतु ते वाक्य त्यांना वशिल्यासारखे भासले. त्यांनी हात मागे घेतला.

"सर्वांत आधी आराइसोची घंटा उतरेल," ते मोठ्याने म्हणाले. "धुक्यात शंख फुंका, डबे बडवा."

गेन्पाची म्हणाला, "इसामु, शंखाचा आवाज धुकं पिऊन टाकतं. हे मी तुला सांगायचं?"

"भेट संपली."

घंटेला लढाईवर निघालेल्या जवानासारखा लाल पट्टा बांधण्यात आला. मुलांनी झेंडे हलवून तिला निरोप दिला. वर्तमानपत्रांनी मंत्र्यांच्या निःपक्षपातीपणाची वाहवा केली. मिनेगिशींनी ती बातमी दोनदा वाचली.

शरद ऋतूत धुके आले. बायकांनी किनाऱ्यावर उभे राहून शंख फुंकले, डबे बडवले, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. काही होड्या चाचपडत परतल्या. गेन्पाचीची होडी परतली नाही. ओहोटीला तिच्या फळ्या खडकांत अडकलेल्या दिसल्या.

मिनेगिशी गावाला गेले. त्यागाची थोरवी सांगणारे भाषण त्यांनी वाटेत तयार केले होते. बंदरावर सारा गाव रांगेत उभा होता. एकानेही गाऱ्हाणे केले नाही. सगळे एकदम वाकले. त्यांतील एक वृद्ध पाठ केल्यासारखा म्हणाला, "आमची घंटा देशाच्या कामी आली, हा आमचा सन्मान आहे."

कोणी शिवी दिली असती, तर मिनेगिशींनी ती हात जोडून घेतली असती. पण समोर वाकलेल्या त्या पाठी त्यांना पाहवेनात. भाषण त्यांनी केलेच नाही.

ते गेन्पाचीच्या घरी गेले. त्याची बायको ओतोमी हिने दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"एक विचारू का, साहेब?" ती म्हणाली. "राजधानीतल्या लोकांना आमचं धुकं ठाऊक नसेल. तुम्हांला ठाऊक होतं का?"

युद्ध, हुकूम, देश, सगळी उत्तरे मिनेगिशींच्या ओठांवर आली. त्यांनी ती गिळली.

"होय, वहिनी. ठाऊक होतं."

"मग?"

"लोक म्हणतील, गावासाठी वशिला केला. तेवढ्याला भ्यालो."

 ओतोमी म्हणाली, "ठाऊक नसतं, तर मी समुद्राला दोष देऊन मोकळी झाले असते."

मिनेगिशींनी कपाळ चटईला टेकवले. पाहुणा असा वाकला की 'उठा, उठा' म्हणून त्याला लगेच उठवायचे, ही त्या देशाची रीत. तसे न करणे फार असभ्य समजले जाते. ओतोमी जन्मात कधी असभ्य वागली नव्हती. त्या दिवशी मात्र तिने त्यांना उठा म्हटले नाही.

राजधानीत परतताच मिनेगिशींनी किनाऱ्यावरच्या उरलेल्या साऱ्या घंटांना अपवाद लागू केला. "दर्यासारंगांना आता घंटांचा पुळका आला!" फुकुहारा हसले. मिनेगिशींनी त्यांना हसू दिले. त्या घंटांनी पुढे कितीतरी होड्या घरी आणल्या. परंतु कोणी 'निःपक्षपाती' म्हणून त्यांची स्तुती करू लागला, की मिनेगिशींची मान खाली जाई आणि ते उठून बाहेर जात.

तात्पर्य: निःपक्षपाती म्हणवून घेण्यासाठी आपल्याच माणसांचे रास्त मागणे नाकारणे हाही पक्षपातच होय; तो आपण स्वतःच्या बाजूने केलेला असतो.