नावपुश्या कातळ

फोटो काढायचा तर या अंगाला या पाव्हणं, तिकडून उन्हाची तिरीप येते. हाच तो कातळ. कोंडसरात याला नावपुश्या म्हणतात. मधोमध खोलगट जागा दिसते ना, तिच्यावरून एकदा हात फिरवा. कशी गुळगुळीत लागते! पाण्यानं झालेली नाही ती. गावानं पिढ्यान्‌पिढ्या इथं भांडी घासली, त्यानं झाली.

आणि त्या कडेला जी परात दिसतेय, पाळणा आहे, दोन खुर्च्या आहेत, त्या कुणाच्या म्हणून विचारू नका. कुणाच्याच नाहीत. तुम्हाला लागत असतील तर खुशाल न्या. इथं ठेवणाऱ्याला कुणी पाहत नाही आणि उचलणाऱ्याला कुणी हटकत नाही.

मी या वरच्या देवळाचा गुरव. हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आत्यानं. डोळ्यांनी पाहिलेलं कुणीच नाही, तेव्हा मीही 'म्हणे' लावूनच सांगतो.

घाटाला गाडीरस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. गावात यमाजी ढवळे नावाचा खातापिता शेतकरी होता. त्याची बायको तुळसाबाई. त्यांना एकच मुलगी, मैना. तिचं लग्न ठरलं, तसं यमाजीनं तांबटाला घरी बसवून तिच्यासाठी भांडी घडवून घेतली. हंडा, कळशी, परात, अंघोळीच्या पाण्याचं मोठं घंगाळ. प्रत्येकावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलं, 'मैना'. ती भांडी मैनेनं स्वतः चिंच लावून लखलखीत केली आणि माजघरात मांडून ठेवली. लग्न पंधरवड्यावर आलं असताना गावात तापाची साथ आली. तीत मैना गेली.

तुळसाबाईनं माजघराला कडी लावली. वर्षातून एकदा ती एकटीच आत जायची, भांडी पुसायची, नावावरून बोट फिरवायची आणि बाहेर यायची. मैनेच्या भांड्यांना परका हात लागू देणार नाही, अशी तिनं देवळात आण घेतली होती, असं सांगतात.

पुढं एका श्रावणात पलीकडच्या डोंगराची दरड कोसळली. तिच्याखाली माळदरा नावाची अख्खी वाडी गाडली गेली. माणसं शेतावर होती म्हणून बरीचशी वाचली, पण घरातली एक वाटीसुद्धा हाती लागली नाही. ती माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी कोंडसरात आली आणि याच देवळात उतरली. त्यांचा म्होरक्या होता गोंदाजी सुतार. फार मानी माणूस. गावानं धान्य आणलं तेव्हा हात जोडून म्हणाला, "काम सांगा, कामाचं धान्य घेऊ. पण तसंच दिलेलं घ्यायला लावू नका. आमचं सगळं गेलंय, एवढं तरी राहू द्या."

एका फुटक्या मडक्यात आळीपाळीनं ती घरं शिजवत होती. तुळसाबाईनं स्वतःच्या रांधपातला एक हंडा गावच्या सुइणीच्या हाती पाठवला. त्यावर ढवळ्यांचं नाव होतं. गोंदाजीनं ते पाहिलं, हंडा पाण्यानं विसळला आणि स्वतः आणून ओटीवर ठेवला. "वहिनी, राग मानू नका," म्हणाला. "उद्या माझी सून या हंड्यानं पाणी भरंल, तेव्हा सारा पाणवठा ते नाव वाचंल."

तुळसाबाईनं हंडा उचलून आत नेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गोंदाजीची सून रखमी देवळाच्या पडवीत बाळंत झाली. सकाळी सुईण तुळसाबाईकडे आली ती पदराला डोळे पुसतच. ते फुटकं मडकं पार तडकलं होतं आणि पाणी तापवायला दुसरं भांडं नव्हतं. बाळाला पळसाच्या द्रोणानं गार पाणी घालून पुसलं होतं आणि पोर थंडीनं निळं पडलं होतं. आईनं पोटाशी धरून कशीबशी ऊब दिली होती.

"मुलगा का मुलगी?" तुळसाबाईनं विचारलं.

"मुलगी."

तुळसाबाई उठली. तिनं माजघराची कडी काढली, मैनेचं घंगाळ उचललं आणि कमरेवर घेऊन देवळाच्या वाटेला लागली. पण या कातळापाशी आल्यावर तिचे पाय थांबले. भांड्यावर नाव होतं. नावासकट दिलं तर हेही परत येणार, आणि नाव होतं तोवर तिची आणही मोडत होती, हे तिला कळत होतं. ती इथं बसली. झऱ्यावरून ओंजळभर वाळू आणली, घंगाळ आडवं केलं आणि नावाची बाजू कातळावर घासायला लागली.

तांबं जाड होतं आणि ठिपके खोल. दुपार झाली तरी नाव जाईना. हाताची सालं निघाली. यमाजी तिला शोधत आला, तेव्हा ती रडत रडत घासत होती.

"अगं, काय करतीस हे?"

"अहो, अजून 'ना' जात नाही," ती म्हणाली. "'मै' गेला. 'ना' जात नाही."

 यमाजी खाली बसला म्हणे, तिच्या हातातून घंगाळ घेतलं आणि उरलेलं अक्षर त्यानं घासलं. तांब्याची तांबूस रेघ कातळावर उमटली. पावसात भिजला की ती अजून दिसते, असं म्हणणारे आहेत. मला तर दिसते बुवा.

रिकामं भांडं देऊ नये म्हणून तुळसाबाईनं त्यात पदरचे मूठभर तांदूळ टाकले. घंगाळ कातळावर ठेवून दोघं मागं न बघता घरी गेली.

पाण्याला आलेल्या गोंदाजीला ते दिसलं. त्यानं गावात दारोदार विचारलं. कुणीच आपलं म्हणेना. शेवटी तो यमाजीच्या दारात आला. "देवाशपथ खरं सांगा, हे तुमचं का?"

यमाजी म्हणाला, "माझं असतं तर त्यावर नाव असतं."

गोंदाजीनं घासलेल्या जागेवर अंगठा फिरवला. ओटीच्या आत उभ्या तुळसाबाईच्या हाताला फडकं बांधलेलं त्यानं पाहिलं. सुताराचा डोळा तो, त्याला काय कळायचं ते कळलं असणार. पण त्यानं फक्त मान लववली आणि घंगाळ घेऊन गेला. त्या संध्याकाळी रखमीच्या लेकीला ऊन पाण्याची अंघोळ मिळाली. पोर जगली. तिचं नाव काय ठेवलं, याबद्दल मात्र गावात एकमत नाही.

सुगी झाल्यावर एका सकाळी कातळावर फणसाच्या लाकडाची काठवट दिसली. एकसंध, सुरेख कोरलेली, आत मूठभर तांदूळ. कुणाची खूण नाही. सगळं गाव बघून गेलं, हात कुणी लावला नाही. मग तुळसाबाई आली. तिच्या घरात पितळेच्या पराती पडल्या होत्या. तरी तिनं सगळ्यांदेखत ती काठवट उचलली, कमरेवर घेतली आणि घरी जाऊन तिच्यात भाकरीचं पीठ मळलं. तेव्हापासून इथलं उचलतो तो गरीब, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

माझ्या लहानपणी निम्म्या गावाच्या चुलीवर कातळावरची भांडी होती. आईच्या कढईवर अर्धवट पुसलेलं 'गं' होतं. ती गंगा कोण, आम्ही कधी शोधलं नाही. जेवायला बसलो की आई म्हणायची, गंगाबाईचं भलं होवो. आता घरं बंद होतायत. मुलं पुण्या-मुंबईहून येतात, आईबापाचं सामान इथं आणून ठेवतात आणि नाव घासता घासता मध्येच थांबतात. मी बघितलंय.

तरी आजही कोंडसरच्या बाळाची पहिली अंघोळ नव्या भांड्यातल्या पाण्यानं होत नाही. कातळावर असेल ते न्यायचं. मागच्या महिन्यात मला पणतू झाला, पुण्याच्या दवाखान्यात. नातसून तिथलीच, शहरात वाढलेली. घरी आल्या आल्या तिनं फोन केला.

"आजोबा, कातळावर काय आहे?"

मी येऊन बघितलं. प्लास्टिकचा एक निळा टब होता, रंग उडालेला. तसं तिला सांगितलं.

"मग तोच पाठवा," ती म्हणाली. "तोवर मी अंघोळ थांबवते."