गडावर कोण जाणार?

फार पूर्वीची, म्हणजे घरोघरी मिक्सर आले त्यानंतरचीच गोष्ट. एका स्वयंपाकघरात गाळणी कुजबुजली, “मालकीणबाई म्हणत होत्या, उद्या गडावर एकच बाटली न्यायची, दुसरी भंगारात... तेवढ्यात मेला मिक्सर सुरू झाला!” गाळणीच ती, तिच्या पोटात काय राहणार?

नवी गुलाबी बाटली लगेच जुन्या स्टीलच्या बाटलीकडे वळली. “काकू, आवरा हो. एवढे पोचे घेऊन भंगारवाल्याकडेच शोभाल. माझ्या तर झाकणात दिवा आहे!”

“कड्यावरून पडून आलेत गं हे पोचे,” काकू म्हणाल्या. पण मनातून त्याही घाबरल्या होत्या.

सकाळी मालकीणबाईंनी दोघींत पाणी भरलं, झाकणं घट्ट लावली आणि दोघींना वर्तमानपत्रावर उलटं ठेवलं. काकूंखालचा कागद कोरडा राहिला. गुलाबीखाली तळं साचलं. दिवा मात्र छान लागला होता.

काकू गडावर गेल्या. भंगाराचं तेवढं खोटं निघालं. गुलाबीत मनीप्लँट लावून तिला खिडकीत ठेवलं. तिथून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “गडावर ऊन फार हो, म्हणून मीच नको म्हटलं.”