शांत माणसाची गाडी

एकदा एक शांत माणूस आपली बिघडलेली गाडी घेऊन आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला.

शांतपणा ही केवळ त्याची प्रकृती नव्हती, ती त्याची कीर्ती होती. घाटाखालच्या त्या गावात तंटामुक्त समितीचा अध्यक्ष तोच. बांधावरून दोन भाऊ कोयते काढोत, की पाण्यावरून दोन आळ्यांत जुंपो, याला बोलावलं की तासाभरात सगळे आपापल्या घरी. त्याचा आवाज चढलेला वर्षानुवर्षं कुणी ऐकला नव्हता. गावाला बक्षीस मिळालं, त्याच्या गळ्यात हार पडला. मिटलेल्या भांडणांत न्याय कुणाच्या पदरात पडला, हे मात्र कुणी विचारलं नाही. भांडण मिटलं की लोकांना ते संपलं असं वाटतं.

गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. आपली जुनी गाडी ते स्वतःच खोलत आणि स्वतःच जोडत. त्यांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. माई म्हणायच्या, "यांचं अर्धं आयुष्य बॉनेटखाली गेलं, आणि उरलेलं अर्धं हाताचं ऑइल काढण्यात."

इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय हात लावणार नाही, असा गुरुजींचा नियम. म्हणून शिष्यानं गाडी आदल्या संध्याकाळीच अंगणात आणून लावली होती. सकाळी तो आला तेव्हा गुरुजी बाह्या सरसावून तयार होते.

"काय त्रास देते?"

"त्रास म्हणावा असा नाही, गुरुजी. तापमानाचा काटा वर चढत नाही. घाटात धुकं असतं; हीटर लावला तर गार वारा येतो, काच पुसत पुसत जावं लागतं. पेट्रोल थोडं जास्त खाते. बाकी गाडी उत्तम. तापत तर कधीच नाही." शेवटचं वाक्य त्यानं किंचित अभिमानानं उच्चारलं.

"उद्या घाट चढायचाय म्हणतोस?"

"हो. हेमांगीच्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे."

गुरुजींनी गाडी चालू करायला सांगितली आणि शिष्याचा हात धरून इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड रबरी पाइपवर ठेवला. "काही लागतंय?"

"कोमट होतोय."

"एवढ्यात?" गुरुजींच्या कपाळावर आठी पडली. "हा पाइप बराच वेळ गार राहायला हवा. इंजिनाच्या तोंडाशी एक झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात तिला. इंजिन गार आहे तोवर ती बंद राहते. पाणी आतल्या आत फिरतं, इंजिनाला ऊब येते. पुरेशी ऊब आली की ती आपणहून उघडते, आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. तुझी झडप एक तर उघडी अडकली आहे, नाहीतर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "बंद कर गाडी. खोलून बघू."

रेडिएटरमधलं पाणी खाली घमेल्यात काढलं. पाइपाची पकड सैल केली, झाकणाचे दोन बोल्ट काढले. शिष्यानं वाकून आत पाहिलं. झडपेची जागा मोकळी होती. तिथं काही नव्हतंच.

"हां, आठवलं!" शिष्य म्हणाला. "फार वर्षांपूर्वी ही घाटात उकळली होती. झडप बंद अडकली होती म्हणे. हायवेवरच्या मेस्त्रीनं ती काढूनच टाकली. म्हणाला, साहेब, आपल्याकडे या वस्तूची गरजच नाही, इथं काय बर्फ पडतो? तेव्हापासून गाडी एकदाही तापली नाही."

"सगळे मेस्त्री हेच सांगतात," गुरुजी कडवटपणे म्हणाले. "बिघडलेली वस्तू बदलायला अक्कल लागते. काढून फेकायला पाना पुरतो."

मग ते बाजारात जाऊन नवीन झडप घेऊन आले. पितळेची, मुठीत मावेल एवढी, मधोमध चकती आणि खाली स्प्रिंग. पण ती बसवण्याआधी गरम पाण्यात घालून पाहायची, हा त्यांचा दुसरा नियम. उघडत नसलेली नवी झडप जुनीपेक्षा वाईट.

माई स्वयंपाकघरातून बघतच होत्या. "चहाच्या पातेल्याला हात लावाल तर याद राखा!"

"जुनं दे, पोचे पडलेलं."

माईंनी ते पोचे पडलेलं पातेलं पुढे सरकवलं आणि पदराला हात पुसत शिष्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हेमा कशी आहे रे?"

"आहे बरी. मागच्या वेळी आली होती तेव्हा मीच सोडून आलो."

"सोडून आलास! टपाल आहे का ते, चुकीच्या पत्त्यावर आलं म्हणून परत करायला?"

शिष्य हसला. असं हसणं त्याला छान जमत असे. हेमांगी त्याची धाकटी, एकुलती बहीण. सासरच्या छळाला कंटाळून ती तीन वेळा पिशवी घेऊन माहेरी आली, आणि तीनही वेळा त्यानं तिला समजावून, याच गाडीत बसवून, घाट चढून परत नेऊन सोडलं. प्रत्येक वेळी तो तिच्या नवऱ्याशी अत्यंत समंजसपणे बोलला होता. प्रत्येक वेळी चहा झाला होता.

"फोन आला होता परवा," तो म्हणाला. "म्हणाली, दादा, येशील तेव्हा गाडीत एक जागा रिकामी ठेव."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, घरात मोठं कार्य आहे, त्या दिवशी नको. नंतर आपण शांतपणे बोलू."

आत जाऊन माईंनी भांडी घासायला घेतली. ती जरा जास्तच वाजत होती.

पाणी भरून पातेलं अंगणातल्या गॅसच्या शेगडीवर चढलं. गुरुजींनी झडपेला दोरा बांधून ती पाण्यात सोडली आणि दोऱ्याचं टोक शिष्याच्या हातात दिलं. "चकती बघत राहा. उघडली की सांग."

पाणी तापू लागलं. तळाशी बारीक बुडबुडे धरले. चकती जागची हलली नव्हती. एवढ्यात गुरुजींनी हात पुढे केला आणि गॅस बंद केला.

"गुरुजी, अजून उघडली नाही."

"असू दे. निवू दे जरा."

पाणी निवलं. गुरुजींनी पुन्हा गॅस पेटवला. पुन्हा बुडबुडे आले, वाफ निघू लागली, पाणी गुणगुणू लागलं. गुरुजींनी पुन्हा गॅस बंद केला.

माई दारात आल्या. "काय पोरखेळ मांडलाय? गॅस फुकट येतो का?"

"निवू दे. शांत होऊ दे," गुरुजी म्हणाले.

शिष्य शांतपणे दोरा धरून उभा राहिला. वृद्धांचा विक्षिप्तपणा सहन करावा, असं त्यानं मनाला सांगितलं. मनाला असं काही सांगायची त्याला सवय होती.

तिसऱ्यांदा गॅस पेटला. या वेळी पाणी खरोखर तापलं. शिष्याच्या चेहऱ्यावर वाफ आली, बोटांना दोऱ्यातून थरथर जाणवली. चकतीच्या कडेला केसाएवढी फट पडली. तो ओणवा झाला. आणि गुरुजींनी गॅस बंद केला. फट त्याच्या डोळ्यांदेखत मिटली.

"अहो, पुरे करा गुरुजी!"

कुणाचा तरी मोठा आवाज अंगणात घुमला. भिंतीवरचा कावळा उडाला, शेजारच्यांनी खिडकी उघडली. आवाज आपलाच आहे हे शिष्याला उशिरा कळलं. पण तो थांबला नाही. "तीनदा झालं! तीनदा! उकळू द्या की एकदा! दरवेळी कोमट करून ठेवलंत तर ती उघडणार कशी?"

गुरुजी त्याच्याकडे पाहत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "तीनदा झालं खरं. ती किती वेळा आली होती?"

शिष्याच्या हातातला दोरा सुटला. झडप टणकन पातेल्याच्या तळाला लागली. माईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

गुरुजींनी गॅस पुन्हा पेटवला, या वेळी मोठा. पाणी खळखळून उकळलं आणि झडप पूर्ण उघडली. ती चिमट्यानं वर काढत ते बोलू लागले.

"हेमाच्या लग्नात मानपानावरून तू व्याह्यांवर धावून गेलास. वराच्या काकांना मारलंस. लग्न मोडता मोडता राहिलं. तेव्हा तुझ्यातली झडप बंद अडकली होती, म्हणून वाफेनं झाकण उडवलं. रडत माझ्याकडे आलास, आणि मी म्हटलं, राग सोड. तू सोडलास. मी तुला नवी झडप बसवून द्यायला हवी होती. नुसती जुनी काढून मी मोकळा झालो. त्या हायवेवरच्या मेस्त्रीत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"गुरुजी, मला वाटलं, पुन्हा माझ्यामुळे तिचा संसार..."

"ठाऊक आहे. पण ऐक. गार इंजिन आवाज करत नाही, वाफ सोडत नाही, म्हणून मालक खूश असतो. आतून ते झिजत असतं, आणि तेल जास्त जळत असतं. तुझ्या घरात ते तेल कुणाचं जळत होतं? शांत माणसाला ताप येतो, बाबा. तो ताप धरून ठेवतो आणि वेळ आली की दार उघडतो. तू शांत नाहीस. तू गार आहेस. गाव तुला हार घालतं, कारण गार माणसाचा कुणालाच त्रास होत नाही. त्याच्या बहिणीखेरीज."

मग दोघं कामाला लागले. स्प्रिंग इंजिनाकडे ठेवून त्यांनी झडप बसवली, नवं गॅस्केट लावलं, बोल्ट आवळले. पाणी आणि कूलंट भरलं, आणि आत अडकलेली हवा निघून जाईपर्यंत रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून गाडी चालवत ठेवली. शिष्यानं पाइपवर हात ठेवला. पाइप गारच होता. तो वाट पाहत राहिला. मग एकाएकी पाइप चटका बसण्याइतका गरम झाला, आणि त्यानं हात मागे घेतला. डोळे भरून आले होते. गुरुजींनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी घाटात धुकं होतं, पण काच स्वच्छ राहिली.

वर मांडव सजला होता. सनईची रेकॉर्ड लागलेली, सासरे नवं उपरणं घेऊन पाटावर. हेमांगीचा नवरा हात पसरून पुढे आला. "या, या! शांतिदूत आले! पुढची खुर्ची तुमच्यासाठीच धरून ठेवली आहे."

शिष्य बसला नाही. हेमांगी टेबलाशी पाठमोरी उभी राहून पन्ह्याचे पेले लावत होती. तो तिच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हेमा, चल."

तिनं पाहिलं नाही. पेले लावत राहिली. रुसली असणार, रुसायलाच हवं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात तिची नणंद जवळ येऊन कुजबुजली, "त्या बाजूनं बोलू नका, दादा. त्या कानानं ऐकू येत नाही तिला."

"कधीपासून?"

नणंदेनं आपल्या भावाकडे एक नजर टाकली आणि मान खाली घातली. "दिवाळीपासून."

दिवाळीतच हेमांगी तिसऱ्यांदा माहेरी आली होती. कानावरून पदर गच्च गुंडाळून. थंडी वाजत असेल, असं तो समजला होता. तसाच पदर गुंडाळलेला असताना त्यानं तिला परत आणून सोडलं होतं, आणि वाटेत पूर्ण घाटभर सहनशीलतेवर बोलला होता.

"हेमा!"

मांडवातली बोलणी थांबली. ती दचकून वळली.

"हेमा, चल. गाडीत जागा आहे."

नवरा पुढे सरसावला. "अहो, हे काय? चारचौघांत..."

"चारचौघांतच," शिष्य म्हणाला. त्यानं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फक्त आवाज खाली आणला नाही. "तिच्या कानाला काय झालं, ते आता तुम्ही या सगळ्यांना सांगा. मी थांबतो."

सनई वाजत राहिली. नवरा त्या पुढच्या खुर्चीत हळूच बसला.

हेमांगी आत गेली आणि लगेच बाहेर आली. पिशवी तिला भरावी लागली नाही. दिवाळीनंतर तिनं ती रिकामीच केली नव्हती.

गाडी घाट उतरू लागली. हेमांगी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "दादा, मला वाटायचं, तुला राग येतच नाही."

त्यानं वळणासाठी गिअर बदलला.

"येत होता का? आणि माझ्यासाठी येत नव्हता?"

कसलंही उत्तर दिलं असतं तरी ते एक कान गेल्यावर दिलेलं उत्तर ठरलं असतं. पुढचं वळण नीट दिसेना, तेव्हा त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हेमांगीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सोडवून आणलं होतं तिला, आणि समजूत घालत होती तीच.

ज्याच्या दारात कुणी पिशवी घेऊन उभी आहे, त्यानं आधी तिला आत घ्यावं. शांतीचा विचार मागून करावा.