पाणकावळे गुरुजींची ढाल

पाखरांच्याही शाळा होत्या, त्या काळातली ही गोष्ट. एका तळ्यावरच्या शाळेची दर हिवाळ्यात शेजारच्या तळ्याशी ढालीसाठी उडण्याची शर्यत लागे. यंदाच्या संघात टिटवीबाईंना गावचं एकही पिल्लू दिसेना. सगळे डोंगरापलीकडून हिवाळ्यापुरते आलेले राजहंस!

टिटवीबाई तरातरा पाणकावळे गुरुजींकडे गेल्या. "आमची पोरं काय नुसत्या टाळ्या पिटायला?"

"बाई, तुमच्या पोरांना शिकवावं लागतं," पंख वाळवत गुरुजी म्हणाले. "हे शिकूनच येतात. आणि मला ढाल याच वर्षी हवीय."

शर्यतीला बघतात तो काय, शेजाऱ्यांच्या संघातही राजहंसच! दोन्ही काठांवर "आपलेच जिंकणार" म्हणून घसे फुटत होते. वर ते हंस, एकाच थव्यातले भाऊबंद, गप्पा मारत उडत होते. गुरुजींचा संघ चोचभर पुढे निघाला. गुरुजींच्या गळ्यात हार पडला.

फाल्गुनात जिंकलेले आणि हरलेले हंस मिळूनच मायदेशी गेले. ढाल बाभळीवर लटकत राहिली.

"झकास आहे हो ढाल," टिटवीबाई म्हणाल्या. "गेले त्यांना तुम्ही शिकवलं नाही, राहिले त्यांनाही नाही. मग गुरुजी, तुम्ही गुरुजी कुणाचे?"