तीन घरांचा एक कागद

फार फार वर्षांपूर्वी एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. घाटावरून व्यापारी येत आणि चार-चार महिने भाड्याच्या घरात राहत.

त्या गावात धोंडजी तांबट आणि त्याची बायको गोजरा राहत. स्वतःचं घर झालं, तसं धोंडजीला वाटलं, कर्ज काढून आणखी दोन घरं घ्यावीत, भाड्यातून कर्ज फिटेल.

सावकार म्हणाला, "तिन्ही घरं एकाच कागदावर गहाण ठेव. व्याज कमी लावतो."

गोजरा म्हणाली, "राहतं घर त्यात नको. व्याज थोडं जास्त पडू दे."

धोंडजीने ऐकलं नाही. त्याने अंगठा उठवला.

वर्षभर भाडं येत राहिलं. मग घाटात दरड कोसळली. व्यापाऱ्यांनी दुसरी वाट धरली आणि दोन्ही घरं रिकामी पडली.

धोंडजीची झोप उडाली. दारात कुणी खाकरलं तरी त्याला सावकाराचा माणूस वाटे. जेवता जेवता हात थांबे. घरात दोनच हप्त्यांचे पैसे उरले होते. तिसरा चुकला असता, तर तिन्ही घरं गेली असती.

शेवटी गोजराच त्याला घेऊन सावकाराकडे गेली. "एक घर विकून पैसे तुम्हाला देतो," ती म्हणाली. "उरलेलं कर्ज दुसऱ्या घरावर ठेवा. राहतं घर मोकळं करा."

"मी का करू?" सावकाराने विचारलं.

"व्यापारी नाहीत. तीन रिकामी घरं घेऊन तुम्ही भाडेकरू कुठून आणाल? आज रोख मिळतेय."

मग सावकाराने नवा कागद मागवला.

एक घर पडत्या भावात गेलं. पुढच्या वर्षी हप्ता थकला, तेव्हा दुसरंही सावकाराने नेलं. त्या दिवशी धोंडजी घरी आला आणि भिंतीला टेकून बसला.

"हे आपलंच आहे ना अजून?" त्याने विचारलं.

"आपलंच आहे," गोजरा म्हणाली.

काही वर्षांनी घाट पुन्हा सुरू झाला. धोंडजीने एकच घर घेतलं, त्या घरापुरत्या वेगळ्या कागदावर. त्याचं कर्ज फिटल्यावरच दुसरं पाहिलं.

म्हणून सांगतो, नव्या घराचं कर्ज त्या घरापुरतंच ठेवावं. डोक्यावरचं छप्पर त्यात कधी गुंतवू नये.