रावसाहेबांच्या गोठ्यातली बाळंतीण

रावसाहेब कडलगांच्या घरात बाळाने काय प्यावं, हे बाळ आणि त्याची आई सोडून सगळे ठरवत. सून इंदुमती बाळंत झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिचं दूध पातळच दिसतंय." आत्याबाई म्हणाल्या, "अंगावर पाजलं की पोर हट्टी होतं." नवरा म्हणाला, "आबांना विचारतो." आबांनी, म्हणजे रावसाहेबांनी, मिशीवरून हात फिरवत निकाल दिला, "कडलगांचा वारस डब्याच्या दुधावर वाढेल. आमची रीतच आहे तशी."

बाळ रडून लालबुंद झालं. आपलंच चुकतंय की काय, असं इंदुमतीला क्षणभर वाटलं. मग तिने उशी घेतली, बाळ घेतलं आणि ती गोठ्यात नुकत्याच व्यालेल्या खिल्लार गाईशेजारी जाऊन बसली.

रावसाहेब धावत आले. "सूनबाई, गोठ्यात काय करताय?"

"मामंजी, परवा कलेक्टरसाहेबांनी खरवसासाठी चीक मागितला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, आमच्या गोठ्यात पहिला महिनाभर आईच्या दुधावर हक्क फक्त वासराचा! उगाच नाही दरवर्षी जत्रेत आमचा खोंड पहिला येत!"

"म्हणून तर इथे राहायला आले. घरातल्या रितीपेक्षा तुमची गोठ्यातली रीत बरी. महिना झाला की दोघं घरी येऊ."

गाय हंबरली. रावसाहेबांनी गुबगुबीत वासराकडे पाहिलं, रडक्या नातवाकडे पाहिलं आणि स्वतःच उशी उचलली. "चला घरात. आजपासून गोठ्यातली रीत माजघरालाही लागू."

"अहो, पोर हट्टी होईल!" आत्याबाई ओरडल्या.

"होऊ दे. आईइतकं हट्टी झालं, तर जत्रेत पहिलं येईल!"